खवल्यांच्या गॅरेजातला स्वस्त दिवा

एका जंगलात एक गॅरेज होतं.

हसू नका. असतं जंगलातही गॅरेज. टेकडीच्या उतारावर वानरांनी नवी वसाहत काढली होती. 'दोन बिळं, स्वयंपाकघर आणि स्वतंत्र गॅरेज' अशी मोठी पाटी लावली होती. पाटी वाचून सगळे प्राणी हरखले. बिळं तर सगळ्यांकडेच होती, पण गॅरेज कुणाकडेच नव्हतं.

गॅरेज म्हणजे काय, ठाऊक आहे का? गॅरेज म्हणजे गाडी ठेवायची जागा. म्हणून तिथे गाडी सोडून बाकी सगळं ठेवतात. त्या जंगलात गाडी कुणाकडेच नव्हती, त्यामुळे सगळ्यांची गॅरेजं बघता बघता गच्च भरली.

अशाच एका गॅरेजचे मालक होते भार्गवराव खवले. ते खवले मांजर होते. आता लगेच 'म्हणजे म्यांव का?' असं ओरडू नका. खवले मांजर हे मांजर नसतं. त्याच्या अंगभर खवले असतात, जीभ लांब असते, नजर बेताची असते आणि नाक मात्र तिखट असतं. ते मुंग्या खातं. घाबरलं की अंगाचं वेटोळं करून चेंडूसारखं पडून राहतं. कळलं? पुढे चला.

भार्गवराव जन्मभर लोकांची बिळं खणून देत आले होते. आता निवृत्त झाले होते. निवृत्त झालेल्या प्राण्याला छंद लागतो. त्यांना सुतारकामाचा लागला. आतापर्यंत त्यांनी एक पाट, एक मांडणी आणि आणखी एक काहीतरी केलं होतं. ते काहीतरी त्यांच्या बायकोनं, म्हणजे इंदूकाकूंनी, कोनाड्यात ठेवलं होतं. पाहुण्यांनी त्याबद्दल विचारलं की इंदूकाकू घाईघाईनं चहा टाकायला उठायच्या.

अशात त्यांची थोरली लेक केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. येऊन टेकते न टेकते तोच म्हणाली, "बाबा, मी सासरी सांगून आलेय. आमच्याकडे पाळणा विकतचा नसतो, म्हटलं. माझे बाबा स्वतःच्या हातानं करणार आहेत."

"मग करणारच!" भार्गवरावांची छाती फुगली. सगळे खवले खडखडले.

"तसं नाही हो. सासूबाई हसल्या."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"त्यांनी तुमचा पाट बघितलाय. दिवाळीत बसल्याही होत्या त्याच्यावर."

तो प्रसंग भार्गवरावांना आठवत होता. विहीणबाई, म्हणजे प्रमिलाबाई, पाटावर बसल्या होत्या आणि पुढच्याच क्षणी आमटीत बसल्या होत्या.

"त्यांनी वेताचा तयार पाळणा आणून ठेवलाय," केतकी म्हणाली. "लागला तर असू दे, म्हणाल्या. बाबा, बारशाला सगळं सासर येणार. मला तिथे मान खाली घालायला लावू नका." आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

भार्गवरावांना अगदी भरून आलं. लेकीच्या डोक्यावरून पंजा फिरवत ते म्हणाले, "बाळा, असा पाळणा करीन की तुझी सासू त्यात स्वतः झोपायला मागेल."

त्याच दिवशी त्यांनी शिवणीचं लाकूड आणलं. छान, हलकं, ताज्या वासाचं. गॅरेजमध्ये नेलं आणि कामाला लागले. पण गॅरेजमध्ये होता मिट्ट काळोख. पहिल्याच बैठकीत त्यांनी पाळण्याचा पाय मांडणीला ठोकला. तो काढून पुन्हा ठोकला, तर तो त्यांच्याच शेपटीच्या खवल्यात बसला. त्यांनी केवढी तरी बोंब मारली. इंदूकाकू धावत आल्या.

"अहो, अंगणात बसा ना. कसं लख्ख ऊन पडलंय."

"अंगणात?"

"हो. आणि फुकट आहे."

"मग गॅरेज कशाला घेतलं?" भार्गवराव म्हणाले.

या प्रश्नाचं उत्तर त्या वसाहतीत कुणाकडेच नव्हतं.

"गॅरेजला दिवा पाहिजे," भार्गवराव म्हणाले. "परवडणारा. उगाच भपका नको. पण काम दिसलं पाहिजे."

झालं! इथेच सगळं फिसकटलं. कारण हे वाक्य शेजारच्या काशिनाथनं ऐकलं.

काशिनाथ साळिंदर. याच्या अंगाला काटे असल्यामुळे सगळे त्याच्यापासून जरा लांब बसत, आणि लांब बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून तो कायम ओरडून बोलत असे. त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं.

"भार्गवा, दिवा घेतोयस?" तो कुंपणापलीकडून ओरडला. "थांब! घाई करू नकोस! चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय काही घ्यायचं नसतं. आजवर मी कधी फसलोय का?"

काशिनाथ आजवर कधीच फसला नव्हता, हे खरं होतं. त्यानं आजवर काही घेतलंच नव्हतं. त्याची चौकशी अजून पुरी व्हायची होती.

"सगळ्यात स्वस्त म्हणजे काजवे," काशिनाथ म्हणाला. "ना तार, ना बटण. मी बोलतो त्यांच्याशी. आपल्या ओळखीतले आहेत."

काजवे आले. चांगला थवाच्या थवा आला. गॅरेजच्या छताला चिकटून बसला. भार्गवरावांनी पटाशी उचलली. लख्ख उजेड झाला. भार्गवरावांनी नेम धरला. काळोख झाला. पटाशी खाली आली. मग उजेड झाला, आणि भार्गवरावांना दिसलं की पाळण्याच्या कठड्याचा एक तुकडा गेलाय.

"अहो, सलग लागता येणार नाही का?" त्यांनी काजव्यांच्या पुढाऱ्याला विचारलं.

"सलग?" पुढारी दचकला. "सलग लागलो तर तिला कळणार कसं, की हा मीच आहे म्हणून?"

"तिला म्हणजे कुणाला?"

"ते अजून ठरायचंय. काका, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही उजेड पाडायला आलेलो नाही. आम्ही लग्नासाठी स्थळं बघतोय. त्यात तुमचं काम झालं तर आमची ना नाही."

दोन दिवसांत एकेका काजव्याचं जमत गेलं. जमलं की तो दिवा घेऊन निघून जायचा. जाताना आमंत्रण देऊन जायचा. भार्गवरावांच्या गॅरेजमधला उजेड कमी कमी होत गेला आणि आहेराचा खर्च वाढत गेला. शेवटी एकच काजवा उरला. तो उदास होता आणि अगदी क्वचित लागायचा. इंदूकाकूंनी त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगून घरी पाठवलं.

"अहो, अंगणात बसा," इंदूकाकू म्हणाल्या.

"छताला भोक पाड!" काशिनाथ ओरडला. "उन्हाला पैसे पडतात का?"

भार्गवरावांना हे पटलं. खणणं हा तर त्यांचा जन्माचा धंदा. त्यांनी छताला झकास झरोका पाडला. गोल सूर्यप्रकाश खाली आला. तो टेबलाच्या बाजूला पडला. त्यांनी टेबल सरकवलं. जरा वेळानं ऊन सरकलं. त्यांनी पुन्हा टेबल सरकवलं. असं करत संध्याकाळपर्यंत त्यांनी टेबल अख्ख्या गॅरेजभर फिरवून आणलं, आणि त्यात काम करायचं राहून गेलं.

शिवाय झरोक्यातून जाणारे-येणारे डोकवायला लागले. "खवलेकाका, जरा डावीकडे." "काका, तो खिळा वाकडा जातोय." "काका, हे काय करताय? खुराडं का?" मग एक ससा डोकावता डोकावता आतच पडला. तो थेट डिंकाच्या भांड्यात पडला. त्याला सोडवण्यात आणखी एक दिवस गेला. भार्गवरावांनी झरोका बुजवून टाकला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या वेळात पाळणा अंगणात झाला असता. तुम्ही शहाणे आहात, ठाऊक आहे मला. गप्प बसा.

शेवटी भार्गवराव वानरशेठच्या दुकानात गेले. वसाहत ज्यांनी बांधली त्याच वानरांपैकी हा. अंधारी गॅरेजं याच्या भावानं बांधली होती आणि दिवे हा विकत होता. घरचाच कारभार होता.

"या साहेब, या! कसला दिवा हवा? उबदार पांढरा, गार पांढरा की नुसता पांढरा?"

"पांढरा," भार्गवराव चाचरत म्हणाले.

"अहो, असं कसं चालेल? नुसत्या पांढऱ्यात झोप येते. गारमध्ये डोकं दुखतं. उबदारमध्ये सगळं छान दिसतं, पण ते खरं नसतं. काम कसलं आहे? बारीक की जाडं? उजेड समोरून पाहिजे का वरून? मागून आला तर सावली स्वतःवर पडेल, बाजूनं आला तर शेजाऱ्यावर. छत किती उंच आहे? भिंतींना रंग कोणता आहे? आणि तुम्हाला टेबलावर पडणारा उजेड हवा की नुसताच पडणारा?"

भार्गवरावांनी गंभीरपणे मान हलवली. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. पण सगळं कळल्यासारखी मान त्यांना फार छान हलवता यायची.

त्या दिवसापासून ते रोज दुकानात जायला लागले. बरोबर काशिनाथ असायचाच. दोघंही प्रत्येक दिवा लावून बघत, विझवून बघत, पुन्हा लावून बघत. पाळण्याचा एक पाय ते बरोबर नेत आणि तो निरनिराळ्या उजेडात कसा दिसतो ते पाहत. 'गार'मध्ये तो पाय आजारी दिसायचा. 'उबदार'मध्ये तो नुकताच महाबळेश्वरला जाऊन आल्यासारखा दिसायचा.

जंगलात वीज कुठून आली, असं कुणाला विचारायचं असेल, तर त्यानं वर्गाबाहेर उभं राहून विचारावं.

हळूहळू भार्गवरावांना या विषयात गोडी लागली. येता-जाता ते लोकांना उजेडाबद्दल सांगायला लागले. रानडुकरांना थांबवून म्हणायचे, "तुमच्याकडे उजेड मागून येतो. चुकीचं आहे." प्राणी त्यांच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. भार्गवराव खुशीत असत. घरी आले की ते केतकीलाही सावल्यांचे प्रकार समजावून सांगत.

"बाबा, पाळणा?" केतकी विचारायची.

"अगं, उजेडाचं एकदा पक्कं झालं की पाळणा म्हणजे काय, दोन दिवसांचं काम!"

केतकी पोटावर पंजा ठेवून नुसती बसायची. ते बघून भार्गवराव आणखी घाईनं दुकानात जायचे.

आणि एके सकाळी केतकीला मुलगा झाला. गुलाबी, मऊ, अजून खवलेही मऊच. भार्गवरावांनी नातवाला हुंगलं. आनंदानं त्यांना काही सुचेना. मग एकदम सुचलं. बाराव्या दिवशी बारसं!

ते धापा टाकत दुकानात गेले. "वानरशेठ, कुठलाही द्या. पण स्वस्त द्या."

वानरशेठनं आतून एक भलामोठा खोका आणला. जाड पुठ्ठ्याचा. "हा घ्या. एकदम किफायतशीर. दिवा एवढासाच आहे, पण वेष्टन बघा!"

"एवढा स्वस्त कसा?"

"कंपनी बंद पडली, साहेब."

"मग दिवा टिकेल का?"

"कंपनीपेक्षा जास्त टिकेल."

"लावून बघू का?"

"खोका उघडला की परत घेत नाही," वानरशेठ म्हणाला.

काशिनाथ ओरडला, "उघडू नकोस, भार्गवा! उघडलास तर परत देता येणार नाही!" हे भार्गवरावांना इतकं पटलं की ते तसाच खोका घेऊन घरी आले.

घरी उघडल्यावर कळलं की हा दिवा टांगायला स्टँड लागतो. दुकानात स्टँडची किंमत दिव्याच्या चौपट होती. भार्गवराव म्हणाले, "हात्तिच्या! स्टँड मी घरीच करतो. लाकूड आहेच की."

"ते पाळण्याचं लाकूड आहे!" इंदूकाकू किंचाळल्या.

"अगं, पण पाळण्याला उजेड नको का? आणि उजेडाला स्टँड नको का? म्हणजे ते पाळण्याचंच काम झालं ना?"

आणि काय सांगू तुम्हाला! स्टँड असा झाला, असा झाला, की भार्गवरावांनी आयुष्यात एवढी चांगली वस्तू केली नव्हती. चार भक्कम पाय, वर आडवी दांडी, कुठे डुगडुग नाही, कुठे कुसळ नाही. थेट छतापर्यंत उंच. हे सगळं त्यांनी मिट्ट काळोखात, नाकानं हुंगत केलं. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. तेव्हा तुम्हीही आणू नका.

दिवा दांडीला टांगला. इंदूकाकू बघायला आल्या. इतके दिवस त्या दिव्याच्या नावानं बोटं मोडत होत्या. पण नवीकोरी वस्तू उघडी टांगलेली बघून त्यांचा जीव राहीना.

"अहो, धूळ बसेल ना त्याच्यावर. लाकडाचा भुसा उडेल."

"खरंच की."

मग इंदूकाकूंनी दिव्याला फुलाफुलांची खोळ शिवली. नाडी घालून बांधली. नव्या वस्तूला खोळ घातल्याशिवाय त्या घरात कुणाला चैन पडत नसे. भार्गवरावांनी ठरवलं की दिवा आता चांगला दिवस बघूनच लावायचा. तोपर्यंत पाळण्याला पुन्हा सुरुवात करू. त्यांनी लाकूड घ्यायला हात लांबवला.

लाकूड नव्हतं. उरली होती ती एक काठी आणि थोडा भुसा.

भार्गवराव जागच्या जागी वेटोळं करून पडले. इंदूकाकूंनी हाका मारल्या, पाणी शिंपडलं, टोचूनही बघितलं. चेंडू काही उलगडेना. आतून फक्त आवाज येत होता, "मी काय तोंड दाखवू पोरीला? काय तोंड दाखवू?" आणि खरोखरच त्यांचं तोंड कुठे आहे ते इंदूकाकूंना सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं.

सकाळीच प्रमिलाबाई आपलं सगळं गणगोत घेऊन टेकडीवरून खाली उतरल्या. औक्षण अंगणातच उरकलं. पेढे झाले, चहा झाला. प्रमिलाबाईंनी बसण्यापूर्वी सतरंजी दाबून पाहिली. मग गोड आवाजात म्हणाल्या, "तर मग, बघू या का पाळणा?"

केतकीनं बाबांकडे पाहिलं. भार्गवराव तिथे नव्हते.

ते गॅरेजमध्ये होते. काळोखात स्टँडसमोर उभे होते. खाली दिव्याचा रिकामा खोका पडला होता. त्यांनी त्याला पाय लावून पाहिला. जाड पुठ्ठा. त्यांनी तो उचलला. मग इकडे-तिकडे बघितलं, आणि दोरी शोधायला लागले.

इंदूकाकू आत आल्या तेव्हा खोका दिव्याच्या खाली, दांडीला दोन दोऱ्यांनी टांगलेला होता. त्या तडक बाहेर गेल्या, नातवासाठी शिवलेलं दुपटं आणि झालर घेऊन आल्या. दुपटं खोक्यात अंथरलं, झालर भोवती टाचली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'ही बाजू वर' आणि 'काच आहे, जपून हाताळा' असं छापलेलं होतं. काळोखात ते कुणाला दिसणार होतं?

"पाळणा अंगणात आणा की!" बाहेरून प्रमिलाबाई म्हणाल्या.

"दारातून निघत नाही, विहीणबाई," भार्गवराव म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मग सगळं सासर गॅरेजमध्ये शिरलं. काळोखात एकमेकांच्या शेपट्यांवर पाय देत उभं राहिलं. खवले मंडळींना नाहीतरी दिसतं बेताचंच. सगळ्यांनी नाकं वर केली. ताज्या शिवणीचा घमघमाट सुटला होता. प्रमिलाबाईंनी स्टँडच्या पायावरून पंजा फिरवला. पाय हलवून पाहिला. तो हलला नाही. दुसरा हलवून पाहिला. तोही हलला नाही.

"अगबाई," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

त्यांनी झालरीला हात लावला. पाळण्याला हळूच झोका दिला. "किती हो हलका! हाताला लागतसुद्धा नाही. कुठलं लाकूड म्हणायचं हे?"

"नवीन निघालंय," भार्गवराव म्हणाले. त्यांना घाम फुटला होता.

केतकीनं बाळाला पाळण्यात ठेवलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, मिहिर. बायका पाळणा गायला लागल्या. बाळ दोन झोक्यांत झोपलं. खोका करकरला नाही, फाटला नाही, काही नाही. भार्गवरावांनी जरा श्वास सोडला.

तेवढ्यात प्रमिलाबाई म्हणाल्या, "आता जरा उजेड करा ना. डोळे भरून पाळणा बघू दे मला. घरी सगळ्यांना सांगायचं तर नीट बघून सांगायला हवं."

"दिवा नवा आहे," भार्गवराव घाईनं म्हणाले. "मुहूर्ताशिवाय लावायचा नाही, असं आमचं ठरलंय."

"बरोबर आहे," दोन-तीन म्हातारे काळोखातून म्हणाले. प्रमिलाबाईसुद्धा मान डोलावणार होत्या.

"अरे, मग आजच्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?" काशिनाथ साळिंदर ओरडला. हा कधी आत शिरला होता देव जाणे. "भार्गवा, मी लावतो! पाहुणेमंडळी, जरा सरका, काटे लागतील!"

"काशिनाथ, नको!"

"लाजतोस काय? पाहुणेमंडळी, या दिव्यामागे आम्ही दोघांनी किती कष्ट घेतलेत, ते मी थोडक्यात सांगतो."

आणि तो सांगायला लागला. काजव्यांपासून सांगितलं. ससा डिंकात कसा पडला, ते सांगितलं. उबदार आणि गार यांतला फरक सांगितला. भार्गवराव काळोखात केतकीकडे बघत होते. तिचा चेहरा दिसत नव्हता. पण तिनं पाळण्याची दोरी घट्ट धरली आहे, एवढं त्यांना जाणवत होतं. त्यांना वाटलं, आता संपलं. आता उजेड पडेल आणि 'ही बाजू वर' ही अक्षरं सगळं सासर मोठ्यांदा वाचेल. माझ्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. आणि हे सगळं केलं मी. अंगणात बसलो असतो तर?

"तर असा हा दिवा," काशिनाथ म्हणाला, "मी आता लावतो!" त्यानं खोळीची नाडी सोडली, खोळ ओढून काढली आणि बटणाकडे हात नेला.

भार्गवरावांनी वेटोळं केलं. डोळे गच्च मिटले. कान मिटले.

खट्.

भार्गवराव वाट बघत राहिले. कुणी किंचाळलं नाही. कुणी हसलं नाही. त्यांनी वेटोळ्यातून एक डोळा बाहेर काढला.

मिट्ट काळोख.

खट्. खट्. खट्खट्खट्. काशिनाथनं बटण वर केलं, खाली केलं. दिव्याला थापट्या मारल्या. दिवा काही लागेना. तो लागणारा दिवाच नव्हता.

"राहू द्या हो, राहू द्या!" प्रमिलाबाई वैतागून कुजबुजल्या. "तुमच्या त्या खटखटीनं बाळ उठेल. दिवा घेऊन काय करायचंय? हाताला कळतंय की सगळं." मग त्या भार्गवरावांकडे वळल्या. म्हणजे चुकून मांडणीकडे वळल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "भार्गवराव, खोटं नाही सांगत. तुमचा पाट बघून मला धाकधूक होती. पण पाळणा मात्र लाखात एक. आमचा तो वेताचा मी उद्याच कुणालातरी देऊन टाकते."

गणगोतात कौतुकाची कुजबुज झाली. सगळे एकमेकांच्या शेपट्या तुडवत जेवायला बाहेर गेले. काशिनाथ मात्र 'तार ढिली असणार' असं म्हणत कितीतरी वेळ दाराशी घुटमळत होता. शेवटी इंदूकाकूंनी त्याला जिलबीचा वास दाखवून बाहेर नेलं.

गॅरेजमध्ये केतकी आणि भार्गवराव राहिले. केतकी झोका देत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "पुठ्ठा आहे ना हा?"

"हो, बाळा. लाकूड सगळं स्टँडला गेलं. चुकलंच माझं."

केतकीचे खवले खडखडायला लागले. भार्गवराव घाबरले. त्यांना वाटलं, रडतेय. मग कळलं, पोरगी हसू दाबतेय. हसून हसून तिला उभं राहवेना. त्यांचा खांदा धरून ती म्हणाली, "आवाज करू नका. छान झोपलाय तो."

दुसऱ्या दिवशी भार्गवराव दिवा काखेत मारून वानरशेठच्या दुकानाकडे निघाले. वानरशेठनं त्यांना लांबूनच ओळखलं. तो गल्ला सोडून झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

"खोका उघडला की परत नाही!" तो वरून ओरडला. "आधीच सांगितलं होतं, साहेब!"

"परत कोण देतंय?" भार्गवराव खालून म्हणाले. "तुमचे आभार मानायला आलोय. असाच आणखी एक असेल तर द्या. आमच्या धाकटीचं लग्न ठरतंय. पुढे तिच्याकडेही बारसं होईलच."

वानरशेठ बुचकळ्यात पडला. शेंड्यावरून जरा खाली आला. "तसला तो एकच होता, साहेब. हा दुसरा बघा. जरा महाग आहे. पण हा खात्रीनं लागतो."

भार्गवराव दोन पावलं मागे सरले. "नको रे बाबा," ते म्हणाले, आणि तसेच तडक घरी गेले.

तात्पर्य: मुलांनो, घरातल्या गॅरेजसाठी दिवा नेहमी स्वस्तातलाच घ्यावा. महागातला दिवा ऐन वेळी लागतो.